चौरंग

माजलगावच्या बसस्टँडसमोर चहा पीत होतो. शेजारच्या बाकड्यावरचा गडी मोबाईलमधली कसलीशी बातमी बघून म्हणाला, "असल्यांचा चौरंगच करायला पायजे." कोणी दचकलं नाही. दोघांनी माना डोलावल्या, एकाने चहा बशीत ओतला.

मी मात्र त्या शब्दापाशी अडकलो. आमच्या घरी चौरंग म्हणजे श्रावणात माळ्यावरून उतरणारी वस्तू. आई तो ओल्या फडक्याने पुसते, एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारते आणि वर नवनाथ भक्तिसाराची पोथी मांडते. अध्याय चाळीस. जुन्या मराठीत ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय तोडणे.

आणि चौरंगावरच्या त्याच पोथीत चौरंगीनाथ भेटतो. बीड जिल्हा तसा नाथांचाच मुलूख. आष्टी तालुक्यातलं मायंबा हे मच्छिंद्रनाथांचं ठिकाण. चौरंगी मूळचा राजपुत्र कृष्णागर. सावत्र आईने खोटा आळ घेतला. बापाने पोराला एक शब्द न विचारता हातपाय तोडायला लावले. पुढे नाथांनी त्याला उचलून नेलं, बदरिकाश्रमात तपाने त्याला पुन्हा हातपाय फुटले. लहानपणी मला त्या फुटण्याचंच नवल वाटायचं. आता बापाचा विचार येतो. हातपाय आले नसते तर त्या राजाने काय केलं असतं?

बाकड्यावरच्या गड्याच्या मनात अर्थात पोथी नसणार, रांझ्याचा पाटील असणार. शिवाजी महाराजांचं 28 जानेवारी 1646 चं पत्र प्रसिद्ध आहे. बाबाजी भिकाजी गुजर ह्या पाटलाने बदअंमल, म्हणजे गैरवर्तन, केलं, त्याचे हातपाय तोडले. भाषणांत गोष्ट इथे थांबते, टाळ्या पडतात. पत्र इथे थांबत नाही. आधी तहकीक आहे, गुन्हा खरा ठरला हे आहे. आणि शिक्षेनंतर त्याच कुळातला सोनजी गुजर त्या तुटलेल्या माणसाला सांभाळायला पुढे येतो, हेही आहे. पाटिलकी मग सोनजीकडे गेली. आपण पत्राचा मधला तुकडा तेवढा उचलला. चौकशी गळाली, सांभाळही गळाला, कुऱ्हाड तोंडात राहिली.

त्या गड्याला हसायची माझी तयारी नाही. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही 'मोक्का' म्हणजे काय ते कळलं. 1999 चा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, पण बोलताना तो एखाद्या रोगासारखा 'लागतो'. तारखेवर तारीख बघितलेल्या माणसाला कायद्याची भाषा मिळमिळीत वाटते, तो जुना शब्द बाहेर काढतो. फक्त तो काढताना आपल्यासमोर रांझ्याचा पाटील आहे की कृष्णागर, हे त्याला आधीच ठाऊक असतं. बातमी तर अजून अर्ध्या तासाचीही नव्हती.

गेवराईची गाडी लागली तसा तो उठला. मी सहज विचारलं, "चौरंग केल्यावर मग त्याला जेवू कोण घालणार, दादा?"

पिशवी खांद्याला लावत तो जरा थांबला.

"आई घालंल की," म्हणाला, आणि गाडीकडे गेला.