प्रयोगवही आणि गवाही

एकोणतिसावा रोजा सुटला की रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर माणसे मावळतीकडे डोळे लावून उभी राहतात. चांद दिसला की नाही, एवढाच प्रश्न असतो. अलीकडे घरातली शिकणारी मुले त्यात आणखी एक प्रश्न घालतात. ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत सांगता येते, भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी छापता येतात, मग ईदच्या चांदासाठी चार माणसांच्या डोळ्यांवर का विसंबायचे? मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि दोन मुलांचा बाप आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्गातूनही येतो आणि घरातूनही.

त्याचे शरई उत्तर देणे हे उलेमांचे काम आहे. मला त्यातली एक गोष्ट मात्र महत्त्वाची वाटते. विज्ञान म्हणजे हिशेब आणि दीन म्हणजे ऐकून मानणे, अशी सोपी वाटणी मुलांच्या मनात होऊ लागली आहे. ती खरी नाही. हिशेबाच्या मुळाशीही कोणाची तरी गवाही असतेच.

आपल्या किनाऱ्यावरचे मासेमार तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा नियम पिढ्यान् पिढ्या पाण्याकडे पाहणाऱ्यांनी बसवला. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागे चालते, हे त्यांनी पाहिले होते. छापील तक्तेही बंदरातल्या पाण्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरूनच तयार होतात. पाहणारे खोटे बोलले असते तर गणितज्ञाचा हिशेब काय कामाचा होता?

उलट, हिशेबही गवाही तपासू शकतो. चंद्र सूर्याच्या आधीच मावळला असेल तर त्या संध्याकाळी तो कोणाला दिसणे शक्य नाही. चौदाव्या शतकातले दमास्कसचे काजी तकीउद्दीन सुब्की यांनी असे मत मांडले होते की, चांद दिसणे अशक्य असल्याचे हिशेब निश्चितपणे सांगत असेल तर पाहिल्याची साक्ष स्वीकारू नये. सुब्की शाफई होते आणि आपण कोकणी मुसलमान बहुसंख्येने त्याच मजहबचे. सर्व उलेमांना हे मत मान्य झाले नाही. तरी भला माणूसही चुकीचे पाहू शकतो, आणि ते तपासणे हा त्याचा अपमान नाही, ही समज आपल्या परंपरेत किती जुनी आहे ते यावरून दिसते.

आता शाळेतली प्रयोगवही उघडा. लंबकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरणाचे उत्तर बहुतेक सगळ्यांचे ९.८ येते. सगळ्यांची दोरी, सगळ्यांचे घड्याळ आणि सगळ्यांचे हात इतके अचूक कसे? उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. मुले तिथून निघतात आणि उलट्या दिशेने निरीक्षणे लिहून काढतात.

माझ्या मुलीने घरी दोरीला मुठीएवढा दगड बांधून हाच प्रयोग केला. दोरी १ मीटर, २० आंदोलनांना लागले ४१ सेकंद. उत्तर आले ९.४. ती म्हणाली, “अब्बा, ९.८ लिहू का? सगळे तेच लिहितात.” मी म्हटले, “तू ४१ सेकंद मोजलेस ना? मग ४१च लिही. चूक कुठे आहे ते आपण शोधू.” चूक सापडली. तिने दोरी गाठीपर्यंत मोजली होती. लांबी दगडाच्या मध्यापर्यंत मोजायची असते आणि तिथे सुमारे ४ सेंटिमीटरचा फरक होता. तिने ९.८ लिहून टाकले असते तर गुण मिळाले असते, पण हे चार सेंटिमीटर तिला कधीच कळले नसते.

मुलांना मी आपल्याच अलिबागचे उदाहरण देतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या प्रवाहाने सुया विचलित होतील हे उघड होते. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवले गेले. तिथे लोखंड टाळून इमारत बांधली आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या नोंदी नव्यांशी जुळवता याव्यात. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. सुईची साक्ष बिघडू नये म्हणून माणसांनी खाडीपलीकडे नवे घर बांधले. त्या नोंदींची परंपरा आजही चालू आहे.

मुलांच्या मनातली सुई विचलित करणारे प्रवाह मात्र घरातच असतात. दारात कोणी आले की “अब्बा घरी नाहीत म्हणून सांग” असे आपण मुलाला सांगतो. मोबाईलवर आलेले चांदाचे छायाचित्र कोणी, कुठे, कोणत्या साली काढले ते न विचारता पुढे पाठवतो. मुलाने “तुम्ही स्वतः पाहिलेत का?” असे विचारले तर त्याला उद्धट म्हणतो. मग तेच मूल प्रयोगवहीत ९.८ लिहिते, तेव्हा दोष शाळेला देतो.

गवाही स्वतःविरुद्ध किंवा आईवडिलांविरुद्ध जात असली तरी खरीच द्या, असा कुरआनचा हुकूम आहे. त्यातला ‘आईवडिलांविरुद्ध’ हा भाग आपण बाप लोक चटकन ओलांडून जातो. मूल म्हणेल, “अब्बा, तुम्ही सांगितले तसे झाले नाही, मी मोजून पाहिले.” त्या वेळी आवाज न चढवता त्याची वही हातात घेणे, हा बापाच्या विज्ञानाचाही इम्तिहान आहे आणि ईमानाचाही.