मुंबईहून परतलेल्या

फेब्रुवारी १९९६. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी शहरातल्या कुंटणखान्यांवर छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या. त्यातल्या दोनशेहून जास्त नेपाळच्या होत्या. त्यांना सुधारगृहांत ठेवलं आणि त्यांचं रक्त तपासलं. ‘तपासू का?’ असं कुणी विचारलं नाही. किती जणींना एचआयव्ही आहे, याची चर्चा वर्तमानपत्रांतून काठमांडूपर्यंत पोचली, आणि तिथलं सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. त्यांच्याकडे नागरिकत्वाचे कागद नव्हते, हे एक कारण. त्या आल्या की देशात एड्स पसरेल, ही भीती दुसरं. महिने लोटले. अखेर जुलैमध्ये काठमांडूतल्या काही स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुलींना स्वतःच्या जबाबदारीवर नेलं.

त्या काळात नेपाळमध्ये या आजाराला ‘मुंबई रोग’ म्हणत आणि मुंबईत बोट नेपाळी मुलींकडे दाखवलं जाई. रोग नेहमी पलीकडचाच असतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंनी मात्र बोट ज्यांच्याकडे रोखलं गेलं, त्या मुली त्याच होत्या.

याच मुंबईतून दर वर्षी आणखीही माणसं नेपाळला परतत होती. सुदूर पश्चिमेकडच्या अछाम, डोटीसारख्या डोंगरी जिल्ह्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात. आपल्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्रभर जागतात, हॉटेलांत भांडी घासतात, आणि सणाला किंवा शेतीच्या हंगामाला गावी जातात. त्यांच्यातल्या काहींबरोबर एचआयव्हीही गेला. त्यांना सीमेवर कुणी अडवलं नाही, सरकारांमध्ये पत्रव्यवहार झाला नाही. अडवायला हवं होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. विषाणू तोच, शहर तेच. पण एक माणूस कमाई घेऊन परतलेला कर्ता मुलगा ठरला आणि दुसरी देशावरचं संकट. हा फरक विषाणूने केलेला नाही.

घरी राहिलेल्या बायकोच्या वाट्याला तिसरीच गोष्ट आली. ती मुंबईला कधी गेलीच नव्हती. नवऱ्याला ताप येऊ लागला, तो खंगत गेला, वारला. आणि सासरच्यांनी हिशोब तिच्याशी मांडला. हे चित्र आपल्याला परकं नाही. सांगली-सोलापूरकडे, मराठवाड्यात अशा कितीतरी घरांत हेच घडलं. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं की रक्त तपासलं जातं, त्यामुळे घरात पहिला अहवाल पुष्कळदा सुनेचा येतो. नवऱ्याने तोवर तपासणी केलेलीच नसते. मग जिचा अहवाल आधी आला, तिनेच आजार आणला असं ठरतं. ‘पोरगं धडधाकट होतं, ही आली आणि घर बसलं’, हे वाक्य उच्चारायला कुठलाही वैद्यकीय पुरावा लागत नाही. नवरा गेला की तिचा जमिनीतला हिस्साही याच वाक्याच्या आधाराने बुडवता येतो.

तरीही केवळ बाई म्हणून झालेल्या अन्यायाने मुंबईच्या मुलींची गोष्ट पुरी होत नाही. नेपाळमधून विकल्या गेलेल्या मुलींत तामाङ जमातीतल्या मुलींचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं मोठं होतं. सिंधुपाल्चोक, नुवाकोट हे त्यांचे जिल्हे काठमांडूपासून फार दूर नाहीत. १८५४च्या ‘मुलुकी ऐन’ या नेपाळच्या कायदेसंहितेने या जमातीला ‘मासिन्या मतवाली’ म्हणजे दारू पिणाऱ्या आणि गुलाम करता येण्याजोग्या लोकांच्या वर्गात टाकलं होतं. नेपाळवर राज्य करणाऱ्या राणांच्या महालांत दासी आणि रखेल म्हणून याच डोंगरांतल्या मुली नेल्या जात. कायद्याने गुलामगिरी विसाव्या शतकात संपली, राणांची राजवट १९५१ साली गेली. पण ‘तिथल्या मुली तशाच असतात’ ही समजूत शाबूत राहिली. दलाल त्याच वाटांनी फिरले. म्हणून त्या मुली परतल्या तेव्हा त्यांच्यावर बसलेला कलंक एड्सपेक्षा पुष्कळ जुना होता. एचआयव्हीने त्याला फक्त प्रयोगशाळेचा कागद मिळवून दिला.

या कागदाचं वजन आपल्याकडेही दिसलं आहे. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातला एचआयव्ही प्रथम शोधला. तपासलेलं रक्त होतं सुधारगृहातल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांचं. शोध महत्त्वाचाच होता, त्याने पुढे असंख्य जीव वाचले. पण बाधित निघालेल्या काही बायका पुढे वर्षानुवर्षं कोंडून राहिल्या. उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा कुठे सुटल्या. त्याच दशकात परदेशी विद्यार्थ्यांची सक्तीने तपासणी सुरू झाली आणि तिचा सर्वाधिक जाच आफ्रिकी विद्यार्थ्यांना झाला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या वेश्याव्यवसायातल्या निम्म्याहून अधिक बायका बाधित आढळत होत्या. मग आरोग्ययंत्रणेने तिकडे लक्ष द्यायचं नाही का? द्यायचंच. पण हा आकडा त्यांच्यावर काय लादलं गेलं, ते सांगतो. गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची, निरोध वापर म्हणण्याची ताकद ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्यात लागण वाढली. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने १९९२पासून वस्तीतल्या बायकांच्याच हाती निरोधवाटप आणि शिकवण सोपवली. तिथेही लक्ष त्याच बायकांवर होतं, फक्त कुलूप नव्हतं.

परतलेल्या मुलींनी १९९६ मध्येच काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही स्वतःची संघटना उभारली. चारीमाया तामाङ तिच्या संस्थापकांपैकी एक. पण संघटनेची नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं, कारण नोंदणीला नागरिकत्वाचा दाखला हवा आणि दाखल्याला बापाची किंवा नवऱ्याची शिफारस. ज्यांना घरानेच दार लावलं, त्यांनी शिफारस आणायची कुठून? २०१३ मध्ये या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, बाधिताला राहत्या घरातून काढायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे आणि विधवा सुनेसाठी ही कलमं फार मोलाची आहेत. पण न्यायालयाला आवश्यक वाटलं तर संमतीविना तपासणीची मुभा त्यातच ठेवली आहे. शिवाय अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचं १५वं कलम छाप्यात सोडवलेल्या व्यक्तीची लैंगिक आजारांसाठी वैद्यकीय तपासणी करायला सांगतं. त्याच खोलीत सापडलेल्या गिऱ्हाइकाबद्दल तिथे चकार शब्द नाही. आज मुंबईच्या वस्त्यांत नेपाळी मुलींबरोबर बंगाली, बांगलादेशी मुलीही भेटतात. छापा पडला की त्या याच कलमाखाली दवाखान्यात नेल्या जातात. हे कलम बदलायला हवं. तपासणी आणि औषध दोन्ही तिला मिळावं, पण ‘हो’ म्हणायचं की ‘नको’, हे तिने ठरवावं, आणि अहवाल आधी तिच्या हाती पडावा, तिला समजणाऱ्या भाषेत.