मालकाच्या मैदानावरची पदवी

इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर चिनी मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. वेजवुडच्या कपबश्या इथल्याच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या खाणी बंद पडल्या, भट्ट्या थंडावल्या आणि हातात कसब असलेली माणसं रिकामी झाली. त्याच शहरातल्या स्टॅफर्डशर विद्यापीठाने सप्टेंबर २०१८मध्ये ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांची, तीन वर्षांची बी.ए. ऑनर्स पदवी सुरू केली. ब्रिटनमधली ही अशी पहिलीच पदवी. तेव्हा इंग्लंडमधल्या विद्यापीठांना वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंत फी घेता येत असे. तीन वर्षांचे झाले पावणेअठ्ठावीस हजार पौंड, आणि तेही बहुतेक मुलांच्या बाबतीत कर्जाऊ.

‘आता गेम खेळायचीसुद्धा डिग्री!’ ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी लागते. त्या अभ्यासक्रमात गेम खेळायला शिकवत नाहीत. स्पर्धा कशी भरवायची, तिचं थेट प्रक्षेपण कसं करायचं, संघाचा कारभार कसा चालवायचा, प्रायोजक कसे मिळवायचे, प्रेक्षक कसे टिकवायचे, हे तिथे शिकवतात. खेळणाऱ्याला पदवी लागतच नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमचा सर्वांत नावाजलेला खेळाडू ‘फेकर’ शाळा अर्धवट सोडून २०१३मध्ये व्यावसायिक संघात गेला. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या संघाबरोबर त्याला सुवर्णपदक मिळालं आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून सूटही.

खेळाचा अभ्यास हा काही विद्यापीठात बसण्याजोगा विषय नाही, असं म्हणायला मराठी माणसाने तरी धजू नये. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघालं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. शारीरिक शिक्षणाची पदवी देणारं महाविद्यालय याच मंडळाने पुढे उभं केलं. आखाड्यात घाम गाळणाऱ्या मुलाला शरीररचना, आहार आणि अध्यापन शिकवून सन्मानाने नोकरीला लावता येतं, हे आपल्याकडच्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं. त्यामुळे खेळाची पदवी असावी की नसावी, हा वाद माझ्या लेखी मिटलेला आहे. मला छळणारा प्रश्न निराळा आहे.

तो मांडण्याआधी या क्षेत्रात शिकण्यासारखं खरोखर काय आहे ते एकदा जवळून पाहू. ‘काउंटर-स्ट्राइक’चा सामना घ्या. पाचांचा एक संघ, पाचांचा दुसरा. एका संघाला ठरलेल्या जागी बॉम्ब लावायचा असतो, दुसऱ्याला तो लावू द्यायचा नसतो किंवा लावलाच तर निकामी करायचा असतो. फेरीला दोन मिनिटंही मिळत नाहीत. बॉम्ब लागला की चाळीस सेकंद. आता हे लाखो लोकांना दाखवायचं कसं? मैदानात कॅमेरा नाही. दहा खेळाडूंच्या दहा नजरा आहेत आणि पडद्यावर एका वेळी त्यांतली एकच दिसते. कोणती, हे ठरवणाऱ्या माणसाला ऑब्झर्व्हर म्हणतात. त्याच्या बोटांखाली एक ते शून्य हे आकडे असतात. एक आकडा म्हणजे एक खेळाडू. गोळी सुटल्यावर आकडा दाबला तर उशीर झालेला असतो, कारण मारणारा मारून मोकळा झालेला असतो. म्हणून कोण कुठे वळणार आहे, कुणाकडे खेळातले पैसे शिल्लक आहेत आणि म्हणून कोण धोका पत्करील, कोणत्या कोपऱ्यात दोघांची गाठ पडणार आहे, हे त्याला घडण्याआधी दोन सेकंद ताडावं लागतं. खेळाची समज, कथनाची जाण आणि यंत्रावरचा हात या तिन्ही गोष्टी एकाच माणसात लागतात. हे शिकवता येतं, तपासता येतं, त्याला गुण देता येतात. आणि असं तयार झालेलं माणूस दुसऱ्या मैदानावरही उपयोगी पडतं. पुण्यात बालेवाडीला २०२२मध्ये ‘अल्टिमेट खो खो’चा पहिला हंगाम झाला. त्या खेळात खांबावरचा सूर, खांबाजवळची हुलकावणी क्षणात होऊन जाते. तिथेही कॅमेऱ्यामागे हीच नजर हवी.

खेळाडूंच्या शरीराचाही अभ्यास व्हायला हवा. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाचं विश्लेषण केलं. समोर काही घडल्यापासून पहिली हालचाल करेपर्यंतचा वेळ चोविसाव्या वर्षापासूनच वाढू लागतो, असं त्यांना दिसलं. चीनचा ‘उझी’ हा खेळाडू मधुमेह आणि हाताची दुखणी यांपायी २०२०मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, निवृत्त झाला. तेविसाव्या वर्षी आपल्याकडची मुलं एम.ए.ला असतात. मनगट, डोळे, झोप, खाणं, सोळा वर्षांच्या मुलाकडून सही करून घेतलेले करार या सगळ्याकडे जाणकारीने पाहणारी माणसं या क्षेत्राला तातडीने हवी आहेत. नुसत्या मार्केटिंगवाल्यांवर हे भागणार नाही.

आता माझा प्रश्न. या खेळांना मालक आहे.

खो-खोचे नियम बांधण्याचं काम १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात सुरू झालं. पुढे बडोद्याच्या जिमखान्याने, मग अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत भर घातली. भांडणं झाली, मतभेद झाले, पण ते खेळणाऱ्यांचे आणि खेळवणाऱ्यांचे होते, उघड होते. उद्या सगळ्या संघटना बरखास्त झाल्या तरी दोन संघांपुरती मुलं, दोन खांब आणि थोडी माती मिळाली की खो-खो सुरू होईल. ‘लीग ऑफ लेजंड्स’चं तसं नाही. तो रायट गेम्स या कंपनीचा आहे. साधारण दर दोन आठवड्यांनी कंपनी नवा पॅच, म्हणजे गेममधला बदल, आणते आणि एखाद्या पात्राची ताकद कमी-जास्त करते. परवापर्यंत सरावलेला डाव आज निरुपयोगी ठरतो. सामना भरवायचा तर परवानगी कंपनीची, दाखवायचा तर परवानगी कंपनीची, आणि सर्व्हर बंद करायचा अधिकारही तिचाच.

ही भीती हवेतली नाही. ब्लिझार्ड कंपनीने ‘हिरोज ऑफ द स्टॉर्म’ या गेमची ‘हिरोज ऑफ द डॉर्म’ नावाची स्पर्धा अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी भरवली होती. विजेत्या संघाच्या मुलांची कॉलेजची फी भरणं हे बक्षीस. २०१५मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संघाने ती जिंकली, अंतिम सामना ईएसपीएन २वर दिसला. खेळ अभ्यासाच्या कामी येतो याचा याहून चांगला दाखला कोणता? पण डिसेंबर २०१८मध्ये कंपनीने एका निवेदनात सांगून टाकलं की पुढच्या वर्षी ही स्पर्धा नाही आणि व्यावसायिक लीगही नाही. कित्येकांचं वर्षभराचं नियोजन एका संध्याकाळी संपलं. याच कंपनीची मोठ्या गाजावाजात निघालेली ‘ओव्हरवॉच लीग’ २०१८ ते २०२३ एवढीच चालली.

भारताला हा फटका आणखी जवळून बसला आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनी खेळ होता आणि भुजच्या तीर्थ मेहताने ब्लिझार्डच्याच ‘हार्थस्टोन’मध्ये कांस्यपदक आणलं. हांगझोऊला तो खेळ पदकांच्या यादीत आला, भारताने आपले खेळाडू निवडलेही. पण ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईझ यांचा करार संपला, जानेवारी २०२३मध्ये चीनमधली सेवा बंद झाली आणि ‘हार्थस्टोन’ आशियाई स्पर्धेतून वगळला गेला. दोन कंपन्यांच्या व्यवहारापायी एक क्रीडाप्रकारच नाहीसा झाला. कुस्तीच्या किंवा नेमबाजीच्या बाबतीत असं काही कल्पनेतही येत नाही.

‘पबजी मोबाइल’चं तर गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१च्या जुलैत तो ‘बीजीएमआय’ नावाने परतला, २०२२च्या जुलैत पुन्हा ॲप स्टोअरवरून गेला आणि २०२३च्या मेमध्ये परत आला. महागडा संगणक परवडत नाही म्हणून आपल्याकडचं स्पर्धात्मक गेमिंग मोबाइलवर वाढलं, त्यामुळे या एका ॲपच्या जाण्यायेण्यावर कितीतरी मुलांचं खेळणं आणि कमाई अवलंबून होती. या काळात कुणी तीन वर्षांच्या पदवीला बसला असता तर त्याचा ‘विषय’ मध्येच नाहीसा होऊन पुन्हा उगवला असता.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता, अशी सरळ विभागणी त्यात आहे. मला ती योग्य वाटते. जुगार आणि कौशल्याचा सामना यांची सरमिसळ झाल्याने आईबापांच्या मनात जी धास्ती होती ती निदान कागदावर तरी दूर झाली. पण या मान्यतेच्या आधारावर आता अभ्यासक्रम निघतील, जाहिराती झळकतील, आणि लातूर-जळगावकडचा बाप शेतावर कर्ज काढून पोराला पुण्यात पाठवील. त्या बापाची मला काळजी वाटते.

माझं मत असं की बारावीनंतर लगेच फक्त ई-स्पोर्ट्सची स्वतंत्र पदवी घेऊ नये आणि विद्यापीठांनी ती देऊही नये. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर विषयाबरोबर मायनर घेता येतो. त्याचा इथे उत्तम उपयोग होईल. मेजर शारीरिक शिक्षण, जनसंवाद, संगणक किंवा वाणिज्य, आणि त्याला जोड म्हणून ई-स्पोर्ट्स. ऑब्झर्व्हर झालेल्या मुलाला मग कोणत्याही प्रक्षेपणात जागा मिळेल, क्रीडावैद्यकाकडे वळलेल्या मुलीला कोणत्याही संघात.

दुसरं, अभ्यासाला असा एक तरी खेळ असावा ज्याला मालक नाही. असा खेळ आपल्या घरातच आहे. २०२५मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळाचा समावेश झाला आणि मॅग्नस कार्लसन जिंकला. त्याच वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांचा विश्वचषक पटकावला. बुद्धिबळाचे शतकांचे डाव नोंदलेले आहेत आणि कुणालाही पाहता येतात. ‘लिचेस’सारखं संकेतस्थळ फुकट आहे आणि त्याची सगळी संगणकीय संहिता खुली आहे. डेटाचं विश्लेषण, ऑनलाइन लबाडी ओळखणं, समालोचन, ऑनलाइन स्पर्धेचं आयोजन हे सगळं त्यावर शिकता येतं, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही.

कंपन्यांचे गेम शिकवायचेच असतील, आणि ते शिकवावे लागतीलच, तर विद्यापीठाने करार करताना हात पसरू नयेत. प्रवेश घेतलेल्या तुकडीचं शिक्षण संपेपर्यंत शैक्षणिक वापराची हमी, झालेल्या सामन्यांच्या नोंदी जतन करण्याचा हक्क, आणि कंपनीच्या धोरणांवर, मुलांना पैसे खर्च करायला लावणाऱ्या लूट बॉक्ससारख्या युक्त्यांवर, टीकात्मक संशोधन छापण्याची मोकळीक ही तीन कलमं लेखी हवीत. प्रायोजकाच्या नावाची प्रयोगशाळा मिळते म्हणून तिसरं कलम सोडून देणाऱ्या विभागाला विद्यापीठाचा विभाग म्हणता येणार नाही. आणि प्रवेश घ्यायला आलेल्या पालकाने खिडकीवर ही तिन्ही कलमं मागून घ्यावीत, फी भरण्याआधी.