न जुळलेली घराणी

कुलवृत्तांत, म्हणजे एका आडनावाच्या मंडळींनी माहिती गोळा करून सिद्ध केलेला आपल्या वंशाचा ग्रंथ, याविषयी अलीकडे जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक वेळा वरवरचे असते. जातीचा अभिमान मिरवण्याचे साधन म्हणून त्याला निकालात काढणाऱ्यांशी फार वाद घालण्याचे कारण नाही. सामाजिक बदलाच्या अभ्यासासाठी चित्पावन कुलवृत्तांत किती उपयोगी पडतात हे अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ सालीच दाखवून दिले आहे. खरा गोंधळ कुलवृत्तांताच्या चाहत्यांनी माजवला आहे. ज्यांचे आडनाव एक त्यांचा मूळ पुरुषही एकच असणार, आणि पुरेशा भाऊबंदांनी मिळून शोध घेतला की तो सापडणारच, अशी त्यांची श्रद्धा असून कुलसंमेलनांपासून वंशवृक्ष जुळवणाऱ्या ॲपपर्यंत सगळा खटाटोप तिच्यावर उभा आहे.

मराठी आडनावे कशी पडली याची ढोबळ माहिती असलेल्यालाही या श्रद्धेचे नवल वाटावे. कुलकर्णी हा गावचा वतनदार लेखनिक असल्यामुळे जितकी गावे तितकी कुलकर्णी घराणी होणे क्रमप्राप्त होते. देशपांडे आणि पाटील यांचीही तीच गत. एकाच गावातून बाहेर पडलेली, परस्परांशी काही संबंध नसलेली दोन कुटुंबे परगावी गेल्यावर त्या गावाच्या नावाला ‘कर’ जोडून सारखीच ओळखली जाऊ लागत. उलट बाजूने पाहिले तर नाना फडणवीस मूळचे भानू, रास्ते मूळचे गोखले आणि आंबडवे गावावरून आंबेडकर हे नाव मिळण्यापूर्वी बाबासाहेबांचे घराणे सकपाळ, म्हणजे एकाच घराण्याला काळाच्या ओघात दोन आडनावे लाभली. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना तर बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळण्याची रीत होती, त्यामुळे तेथे डिसोझा या नावावरून रक्तसंबंध ठरवू पाहणे हास्यास्पदच ठरेल.

आता या श्रद्धेने विज्ञानाचा आधार घेतला आहे. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले की एका आडनावाचे पुरुष एका पूर्वजाचे आहेत की नाहीत हे कळते, असे सांगताना इंग्लंडमधील साइक्स आडनावाच्या पुरुषांवर आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या पुरुषांचे गुणसूत्र जुळले होते. उरलेल्या निम्म्यांचे जुळले नाही, तरी त्यांचे आडनाव साइक्सच राहिले, याकडे मात्र कानाडोळा होतो. मराठी घराण्यांत ही अडचण अधिक मूलगामी आहे, कारण येथे दत्तकाला औरस पुत्राचे बहुतेक सर्व हक्क होते: वतन, श्राद्धाचा अधिकार आणि कुळाचे नाव त्याच्याकडे जाई. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि छत्रपती शाहू महाराज झाले. गुणसूत्राच्या कसोटीने ते घाटगे ठरतील, परंतु कोल्हापूरच्या भोसल्यांच्या वंशावळीतून त्यांना वगळणाऱ्याला वंशावळ या शब्दाचा अर्थच कळला नाही, असे म्हणावे लागेल. गुणसूत्र जनन सांगते. वंश हा जननावर समाजाने उभारलेला व्यवहार आहे आणि त्याचा पुरावा कागदातच शोधावा लागतो.

कागदही सगळे सारख्या तोलाचे नसतात. वतनाच्या तंट्यात वादी आपल्या घराण्याची पूर्वपीठिका लिहून देई, तिला करीना म्हणत. हक्क जितका जुना तितका बळकट असल्यामुळे करीन्यात पूर्वजांची संख्या वाढवण्याचा मोह उघड होता. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण यात्रेकरूने तेथे बाप, आजा, भाऊ आणि गाव यांची नावे नोंदवली ती कोणाशी भांडण मांडून नव्हे. दोन्ही प्रकारच्या कागदांत नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे विष्णू रामचंद्र आणि रामचंद्र विष्णू ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून येत राहते, आणि मोडी लिपीतल्या कागदावरील, अरबी अंकनामांत लिहिलेल्या शुहूर सनाचा ‘इहिदे अशरीन मया व अलफ’ म्हणजे ११२१, इसवी सनाच्या हिशेबाने १७२०-२१, हा आकडा ‘अशरीन’ऐवजी ‘अशर’ (दहा) असा वाचला गेला की दहा वर्षे मागे जाऊन कागद मुलाऐवजी बापाच्या खात्यावर पडतो. अशा चुका पकडण्यासाठी चार शाखांचे चार लोक लागतात. सहकार्याचा उपयोग इथे आहे, नावांची भर घालण्यात नव्हे.

या सगळ्याचा रोख कुळ आणि घराणे यांतील फरकाकडे आहे. ‘कुळ’ म्हणजे आडनाव, गोत्र किंवा देवक (लग्नकार्यात पुजले जाणारे कुळाचे चिन्ह) यांच्या आधारे सांगितलेले नाते, तर ‘घराणे’ म्हणजे बाप आणि मुलगा यांची कागदाने सांधलेली साखळी. दैनंदिन भाषेत हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, हे खरे. तरीही कुलवृत्तांत तयार करणाऱ्याने त्यांची सरमिसळ करू नये, कारण कुळ मानता येते आणि घराणे दाखवावेच लागते. चांगल्या कुलवृत्तांतांच्या संपादकांना हे उमजले होते. दुवा मिळाला नाही तेव्हा त्यांनी त्या त्या गावची घराणी वेगवेगळी छापली, मूळ पुरुषाच्या वरची जागा मोकळी ठेवली आणि प्रस्तावनेत तसे सांगून भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली. वंशवृक्षाच्या ॲपमध्येही पूर्वजाचा चौकोन रिकामा ठेवता येतो. मात्र तो रिकामा राहिला की यंत्र आपण होऊन सारख्या नावाचा कोणी संभाव्य पूर्वज सुचवते, आणि फावल्या दुपारी कोणी उत्साही चुलतभाऊ ती सूचना स्वीकारून मोकळा होतो.