रोखलेला वार

रविवारची मिस्सा झाली, जेवणे उरकली की पुष्कळ घरांत टीव्ही सुरू होतो. हिंदीत डब केलेला एखादा कुंग फूचा चित्रपट लागला तर मुले जागची हलत नाहीत. आम्ही मोठी माणसेही हलत नाही, हे कबूल केलेले बरे. चित्रपट संपला की दिवाणखान्यात पोरांच्या लाथा उडू लागतात आणि मग आई ओरडते. असल्या चित्रपटांनी मुले बिघडतात, असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण जरा नीट पाहिले तर या चित्रपटांपैकी चांगले चित्रपट स्वतःच एक प्रश्न विचारत असतात. अंगात बळ आले, हातात कला आली, आता माणसाने तिचे काय करायचे? प्रश्न प्रामाणिक असतो. उत्तर देताना मात्र ते अडखळतात, आणि ते जिथे अडखळतात तिथेच बहुधा आपणही अडखळतो.

जेट ली या नटाचा 'फिअरलेस' हा २००६ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हुओ युआनजिया (१८६८-१९१०) या खऱ्याखुऱ्या चिनी मल्लाची ती कथा आहे. त्याच्या नावाशी जोडलेली जिंगवू ही व्यायामसंस्था १९१० साली शांघायमध्ये सुरू झाली. चित्रपटाने मात्र त्याच्या आयुष्यात पुष्कळ मनाचे घातले आहे.

लहानगा हुओ आपल्या वडिलांची लढत लपून पाहतो. वडिलांना प्राणघातक वार करण्याची संधी मिळते. ते हात रोखतात. समोरचा माणूस हात रोखत नाही, आणि वडील हरतात. मुलाच्या डोळ्यांना एवढेच दिसते की आपला बाप हरला. त्या दिवशी तो मनाशी ठरवतो की आपण कधीच हरायचे नाही.

पुढे तो खरोखरच हरत नाही. तिआनजिन शहरात त्याच्या तोडीचा कोणी उरत नाही. भोवती खुशमस्कऱ्यांचा गोतावळा जमतो, दारू वाहते, कर्ज वाढते. एके दिवशी त्याच्या एका शिष्याला चिन नावाच्या गुरूने मारल्याचे कळते. कारण न विचारता हुओ थेट चिनच्या वाढदिवसाच्या मेजवानीत घुसतो. ते उपाहारगृह त्याच्या बालमित्राचे असते. मित्र विनवणी करतो, पण मैत्री मोडली तरी चालेल, लढत झालीच पाहिजे असा हुओचा हट्ट. चिन मरतो. सूड म्हणून हुओची आई आणि लहान मुलगी मारली जातात. नंतर उघड होते की आगळीक शिष्याचीच होती आणि तो खोटे बोलला होता.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. उपाहारगृहातली ती लढत आम्ही कशी पाहिली? टेबले मोडताना, तलवारी खणखणताना आम्ही पुढे सरकून बसलो होतो. चिन कोसळला तेव्हा कोणीतरी टाळीही वाजवली. शिष्याचे खोटे कळले तेव्हा आम्ही गप्प झालो. हुओच्या पैशाने दारू पिऊन त्याचा जयजयकार करणारी ती टोळी आणि सोफ्यावर बसलेले आपण, यांत त्या दहा मिनिटांपुरता तरी फारसा फरक नव्हता. आमच्या मते चित्रपटातला हा सर्वांत खरा भाग आहे.

सर्वस्व गमावलेला हुओ भटकत एका डोंगराळ खेड्यात पोचतो. तिथे लोक भाताची लावणी करीत असतात. हा गडी तिथेही शर्यत लावतो! इतरांच्या पुढे जायचे म्हणून रोपे कशीही, दाटीने खोचतो, आणि एक आंधळी मुलगी ती नंतर नीट लावते. ज्यांनी चिखलात वाकून लावणी केली आहे त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको.

शेवटी हुओ परत येतो. परदेशी लढवय्यांशी त्याचे सामने होतात, चहातून त्याला विष दिले जाते, आणि मरता मरता तानाका या जपानी प्रतिस्पर्ध्यावर अखेरचा वार करण्याची संधी त्याला मिळते. तो हात रोखतो. बापाने केले तेच आता मुलगा करतो. आमचे डोळे पाणावले, खोटे का बोला.

तरीही एक गोष्ट खटकते. बापाने हात रोखला तेव्हा तो हरला, आणि हरलेलाच राहिला. मुलाने हात रोखला तेव्हा मात्र तानाका स्वतः त्याचा हात उंचावून त्यालाच विजयी ठरवतो. संयमाला चित्रपटाने बक्षीस देऊन टाकले. शिवाय आधीचा 'मी श्रेष्ठ' हा हट्ट गेला तरी त्या जागी 'आम्ही चिनी श्रेष्ठ' हे अलगद येऊन बसते, आणि त्याला कोणी अहंकार म्हणत नाही. (खऱ्या हुओला मुलेबाळे होती. चित्रपटात त्याचा वंशच खुंटवल्यामुळे त्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता. आदर्श शिकवण्यासाठी एखाद्याचे घरच बुडवावे का, हाही एक प्रश्नच आहे.)

चिनी भाषेत युद्धकलेला 'वू' म्हणतात. त्या अक्षरचिन्हाचे दोन भाग आहेत, एक 'थांबणे' आणि दुसरा 'शस्त्र'. शस्त्र थांबवणे हेच खरे शौर्य, असा अर्थ चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे सांगितला जातो. आजचे अभ्यासक म्हणतात की 'थांबणे' हा भाग मुळात पावलाचे चित्र आहे, म्हणून अर्थ होतो शस्त्र घेऊन चालून जाणे. एकाच अक्षरात दोन्ही अर्थ राहतात. जपानमध्ये कराटेचा प्रसार करणारे गुरू गिचिन फुनाकोशी यांनीही शिष्यांना बजावले होते की पहिला वार आपला नसावा. १९८४ च्या 'द कराटे किड' चित्रपटात दुष्ट गुरू नेमके उलटे शिकवतो आणि भला म्हातारा मियागी संयम शिकवतो. पण तोही चित्रपट संपतो कशावर? स्पर्धेच्या अंतिम फेरीत तोंडावर मारलेल्या लाथेवर आणि करंडकावर.

याच संदर्भात 'इप मॅन ३' (२०१५) आठवतो. इप मॅन (१८९३-१९७२) हे हाँगकाँगमध्ये विंग चुन शिकवणारे गुरू, ब्रूस ली त्यांचा शिष्य. चित्रपटात डॉनी येन यांनी ही भूमिका केली आहे. रिक्षा ओढणारा एक तरबेज लढवय्या, च्युंग तिन-ची, त्यांना जाहीर आव्हान देतो. विंग चुनचा खरा वारस कोण, हे ठरू द्या म्हणतो. ठरल्या वेळी सगळे गुरू जमतात, वार्ताहर येतात. इप मॅन येतच नाहीत. पत्नीला कर्करोग झालेला आहे, आणि ते तिच्याबरोबर नाचायला गेले आहेत. हा मनुष्य पावले चुकवीत नाच शिकला आहे, केवळ तिला आवडतो म्हणून. तिकडे च्युंग स्वतःला विजयी घोषित करतो. इप मॅनना त्याचे काही वाटत नाही.

प्रत्यक्षात सीमा बंद झाल्यावर त्यांची पत्नी चीनमध्येच राहिली आणि १९६० साली तिथेच वारली. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. म्हणजे ते नाचणे घडलेलेच नाही. तरी मारामारीच्या चित्रपटात नायक लढतीला गैरहजर राहतो, लोक त्याला हरलेला म्हणतात आणि तो ते म्हणू देतो, हे आम्ही दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

पण चित्रपटाला ते सोसवत नाही. आजारी पत्नीच नवऱ्याच्या वतीने च्युंगला पुन्हा आव्हान पाठवते, बंद दाराआड लढत होते, अर्थातच इप मॅन जिंकतात, आणि च्युंग आपल्या शाळेची पाटी स्वतःच्या हाताने फोडतो.

परवा काही कुटुंबे एकत्र बसून हा चित्रपट पुन्हा पाहत होतो. या वेळी नाचाच्या प्रसंगाशीच थांबायचे, पुढचे पाहायचे नाही, असे आम्ही मोठ्यांनी आधी ठरवले होते. मुलांनी ते मान्यही केले. नाच संपला, कोणीतरी रिमोट हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला. शेवटची लढत आम्ही सगळ्यांनी पाहिली.