रंगाखालचा गंज



आजची गाथा : धम्मपद, मलवग्ग, गाथा 240.

मलवग्ग हा धम्मपदातला अठरावा वग्ग. या गाथेत तथागतांनी लोखंडाचा आणि गंजाचा दाखला दिला आहे. गंज लोखंडातूनच उपजतो आणि ज्यातून उपजला त्यालाच खात सुटतो. मर्यादा सोडून वागणाऱ्याची गतही त्याच्या स्वतःच्या कर्मामुळे अशीच होते, असा तिचा भावार्थ. लहानपणापासून ही गाथा मी विहारात ऐकत आलो आहे. पण खरं सांगू? ती कळली यंदाच्या जूनमध्ये. माझ्या जुन्या पिकअपखाली पाठीवर झोपलो होतो आणि गंजाचा भुगा डोळ्यांत गेला होता, तेव्हा.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, माझा धंदा मासळी वाहतुकीचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून माल भरायचा आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचवायचा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, म्हणून गाडीही दारात उभी. यंदा ठरवलं, गाडीचा गंज आपणच काढायचा. डेंटरने सांगितलेला आकडा मला झेपणारा नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण पुढे सांगतो.

या कामात मी अगदीच नवखा. मला वाटलं होतं, गंज म्हणजे वरवरचा लाल थर, पॉलिश पेपर मारला की गेला. हौद्याच्या मागच्या कडेला रुपयाएवढा एक फुगा दिसत होता. तिथून सुरुवात केली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, जरा दाबलं, तर ते सरळ आत गेलं. तारेचा ब्रश फिरवला तेव्हा रुपयाचं भोक तळहाताएवढं झालं. रंग मात्र शेवटपर्यंत चकचकीत होता.

माझ्या ओळखीचे एक वेल्डर दादा आहेत, ते बघायला आले. म्हणाले, "फुगा दिसतो तेव्हा काम आतून झालेलं असतं. लोखंडाचा गंज झाला की तो जागा जास्त घेतो, म्हणून रंग वर उचलला जातो. तू आतून बघ." आतून बघितलं. हौद्याच्या कडेच्या पोकळीत खाली पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती सगळी चिखल आणि माशांच्या खवल्यांनी बुजलेली. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं आत साठत राहिलं. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात पत्रा लवकर गंजतो, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण ती भोकं मी एकदाही तारेने मोकळी केली नव्हती.

इथे गाथेचा पहिला अर्थ लागला. आपण म्हणतो, हवा खारट, पाऊस जास्त, धंदाच असला. हे सगळं खरं. पण तीच हवा शेजाऱ्याच्या गाडीलाही लागते. त्याची गाडी माझ्याहून जुनी आहे आणि तिचा पत्रा शाबूत आहे. तो रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने हौदा धुतो. हवा-पाणी बाहेरचं असतं हो, पण गंज होतो तो आपल्याच लोखंडाचा. परिस्थितीला नावं ठेवून पत्रा वाचत नाही.

आता दुसरं कारण. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

दोन वर्षांपूर्वी गाडी पासिंगला न्यायची होती. फाळक्याच्या बिजागरीजवळ पत्रा खाल्ला होता, बोट जाईल एवढं भोक होतं. वेल्डिंगला पैसे नव्हते. म्हणजे होते, पण द्यायचे नव्हते. मी त्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला, वरून लांबी भरली, घासली आणि रंग मारला. काम इतकं साफ झालं की माझाच मला अभिमान वाटला. गाडी पास झाली.

पुढे चार-पाच महिन्यांनी बंदरावर माल चढवताना आमचे एक हमाल मामा उघड्या फाळक्यावर उभे राहून क्रेट घेत होते. बिजागरी मुळासकट उपटून आली. मामा क्रेटसह खाली पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर लागलं, चाळीस दिवस रोजगार बुडाला. मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, दोन-दोन क्रेट एकदम कशाला घेता? तोल गेला तुमचा." हातावर 500 रुपये ठेवले आणि सुटलो. सुटलो असं मला वाटलं.

या गाथेमागची कथा अट्ठकथेत आहे. तिस्स नावाच्या भिक्खूला बहिणीने दिलेल्या कापडाचं सुंदर चीवर शिवून मिळालं. उद्या नेसू म्हणून त्यांनी ते ठेवलं आणि त्याच रात्री त्यांचं निधन झालं. मन चिवरातच अडकलेलं, म्हणून त्याच चिवरात ते ऊ होऊन जन्मले. भिक्खू चीवर वाटून घ्यायला निघाले, तेव्हा बुद्धांनी त्यांना सात दिवस थांबायला सांगितलं. उवेचा जन्म मी शब्दशः घेत नाही, बाबासाहेबांच्या वाटेने चालणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण घेत नाहीत. पण कथेचं मर्म मला लागलं. माझंही एक चीवर होतं. विहारात पुढच्या रांगेत बसणारा, धम्मावर लिहिणारा, सरळ माणूस, हे माझं नाव. त्या नावाच्या शिवणीत मी दोन वर्षं उवेसारखा चिकटून बसलो होतो. ते नाव कोणी हात लावून खराब करू नये, एवढीच धडपड. मामांचं मनगट त्यात कुठेच नव्हतं.

गाडीच्या कामाकडे वळतो, कारण पुढचा धडा तिथेच मिळाला. वेल्डर दादांनी पहिली गोष्ट सांगितली, "गंजावर काहीही लावू नको. चकाकतं लोखंड दिसेपर्यंत काप." ग्राइंडरने कापताना जीव तुटतो. वाटतं, एवढा पत्रा गेला तर उरणार काय? पण कुजलेला पत्रा ठेवला तर वेल्डिंग त्याला धरतच नाही, नुसतं भोक मोठं होतं. चांगला पत्रा लागला की मग ठिगळ. बॅटरीची वायर काढून ठेवायची आणि दादांनी टाके मारायचे, एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो. मग घासणं, थिनरने पुसणं, प्राइमर. लांबी सगळ्यात शेवटी, आणि तीही पातळ, फक्त वरची पातळी सारखी करायला. लांबी वाईट नाही. लांबीने भोक झाकणं वाईट.

एक दिवस मी संध्याकाळपर्यंत घासत बसलो. पत्रा आरशासारखा झाला. दमलो होतो, म्हटलं प्राइमर उद्या मारू. बाहेर पाऊस लागलेला. सकाळी बघतो तर त्या आरशावर तांबूस साय धरलेली! एका रात्रीत! पुन्हा पहिल्यापासून. त्या सकाळी मला याच वग्गातली आधीची गाथा आठवली, 239 वी. शहाण्याने आपला मळ सोनार चांदीचा काढतो तसा थोडा थोडा, क्षणोक्षणी काढावा, असं तिथे सुचवलं आहे. एकदा घासून भागत नाही. आणि घासून उघडं सोडलं तर मन पूर्वीपेक्षा लवकर गंजतं. घासलेल्या जागेवर त्याच दिवशी काहीतरी चांगलं चढवावं लागतं.

मी पत्रा घासला होता, पण मामांकडे गेलो नव्हतो. कबुली नुसती मनात देऊन ठेवली होती. तिच्यावर रोज रात्री तांबूस साय धरत होती.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. वाचन संपल्यावर मी घरी न जाता मामांच्या घरी गेलो. मामी चूल पेटवत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पेपरचा बोळा, लांबी, रंग आणि सगळ्यांसमोर बोललेलं खोटं.

मामा बराच वेळ मनगट चोळत बसले. मग म्हणाले, "पडलो तेव्हाच भोकातला पेपर दिसला होता मला. वाचता येत नाही म्हणून काय झालं?"

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझ्याच गाडीवर रोज काम मिळतं ना."

मित्रहो, याहून जड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मला वाटत होतं, रंगाखालचं कोणाला दिसत नाही. ज्याला लागलं त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आंधळा होतो तो मीच.

चाळीस दिवसांची मजुरी हप्त्याहप्त्याने देईन म्हणालो. मामा नको म्हणतील, अशी एक चोरटी आशा मनात होती, तीही लिहून टाकतो. ते म्हणाले, "दे. आणि बंदरावर पण सांग." माफ केलं, असं काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. 1 ऑगस्टला बोटी सुटल्या, त्या सकाळी ज्यांच्यासमोर खोटं बोललो होतो त्यांच्यासमोर खरं बोललो. दोघे हसले, एकाने मान फिरवली. मामांनी नव्या फाळक्यावर चढण्याआधी बिजागरीवर टाचेने दोनदा ठोकून बघितलं, मग पाय ठेवला. त्यांचा तो हक्कच आहे.

गाडी काही नव्यासारखी झालेली नाही. ठिगळं जवळून दिसतात, रंगाची छटाही जुळलेली नाही. पण आता दर रविवारी मी तार घेऊन ती पाण्याची भोकं मोकळी करतो. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढ्या वेळात स्वतःला एक प्रश्न विचारतो, या आठवड्यात कुठे लांबी भरली?

तुम्हीही आज एवढंच करून बघा. आपल्या आयुष्यात जिथे रंग सगळ्यात चकचकीत आहे, तिथे बोटाने जरा दाबून पाहा. आत गेलं, तर घाबरू नका. चकाकतं लोखंड लागेपर्यंत घासा. आणि ज्याचं मनगट तुमच्यामुळे मोडलं असेल, त्याच्या दारी जाणं उद्यावर टाकू नका. पावसाळी हवेत एक रात्रही पुरते.

सर्वांचं मंगल होवो.

साधु, साधु, साधु.