सातचा भोंगा

२०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली होती. पुढे ती वर्गात परतली, पण मोबाइल मुलांच्या हातातच राहिला, हे त्याचं निमित्त. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावलं, आणि गावाने ते मानलं.

या बातमीचं कौतुक झालं ते संयमाची गोष्ट म्हणून. मला तिचं मोल वेगळंच वाटतं. संयम एकट्याने पाळता येतो. गप्पा एकट्याने मारता येत नाहीत. घरातल्या चौघांपैकी एकाने फोन बाजूला ठेवला, तर तो उरलेल्या तिघांच्या झुकलेल्या माना बघत बसतो आणि थोड्या वेळाने स्वतःचा फोन उचलतो. त्याचा निग्रह कमी पडला असं मी म्हणणार नाही. त्याला सोबत मिळाली नाही. माणसं भेटायची तर ती एकाच वेळी रिकामी असावी लागतात, आणि तो सामाईक रिकामा वेळच आपण गमावला आहे.

पूर्वी हा वेळ कुणी मुद्दाम राखलेला नव्हता. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपायचं, दूरदर्शनचं प्रक्षेपण रात्री थांबायचं. ग्रामीण महाराष्ट्राने २००५ च्या आगेमागे लोडशेडिंगचे जे दिवस काढले, त्यांत पिकांचं पाणी हुकलं, मुलांचे अभ्यास बुडाले. त्या अंधाराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तरी सगळ्या आळीची वीज एकदम जायची म्हणून सगळी आळी एकदम ओट्यावर यायची, हेही खरं. फोनच्या पडद्याला असा शेवटच ठेवलेला नाही. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने पानाचा तळच काढून टाकला: बोट सरकवत राहावं, पुढचा मजकूर आपोआप येत राहील. पुढे त्याने याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पण तोवर समाजमाध्यमांचा धंदा त्या न संपण्यावर उभा राहिला होता. जितका वेळ नजर खिळेल तितक्या जाहिराती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ‘पॅक संपला’ हा उरलासुरला थांबाही गेला.

फोनने माणसं तोडली असं सरसकट म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. सांगली जिल्ह्यातल्याच विटा-खानापूर भागातली कुटुंबं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. केरळात किंवा तमिळनाडूत दुकान सांभाळणाऱ्या मुलाचा चेहरा आईला दिसतो तो व्हिडिओ कॉलमुळेच. तिच्यासमोर या यंत्राला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही. दुरावली ती एका छपराखालची माणसं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्येच अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. तळमळ खरी होती, पण त्यातून मोठी माणसं सुटली. जेवताना फोन बघणाऱ्या बापाला कुणी हटकायचं? वडगावचा भोंगा लहानथोर सगळ्यांसाठी होता, म्हणून मला तो अधिक न्याय्य वाटतो.

शहरात हे जमणार नाही, लोकांना शिस्त नाही, असं ऐकू येतं. अडचण शिस्तीची नाही. पुण्या-मुंबईत संध्याकाळी सातला कित्येकांचं काम संपलेलंच नसतं. घरी पोचल्यावरही ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा निरोप येतो, आणि निळ्या खुणा उमटल्या की उत्तर टाळता येत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला २०१७ पासून कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं. तेव्हा त्याचा कायदा झाला नाही. ती मागणी कामगार संघटनांनी आता पगाराच्या आणि रजेच्या मागण्यांबरोबर लावून धरावी. मुलाला फोन ठेव म्हणणाऱ्या आईला स्वतःचा फोन तेव्हाच खाली ठेवता येईल.